डोहातला चेअरमन

३ मार्च २०१३, रविवार

पतसंस्थेनं जानेवारीत फुकट वाटलेली ही डायरी दोन महिने डाळीच्या डब्याखाली टेकू म्हणून होती. आज ओढून काढली. पहिल्या पानावर सगळ्या संचालकांचे फोटो आहेत, आणि दुसऱ्या ओळीत आमचे हे, विठ्ठलराव, टोपी जरा जास्तच तिरपी करून. एवढ्या मोठमोठ्या माणसांच्या देखत मी किड्यांबद्दल लिहिणार आहे. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

झालं असं, की अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलीय, जड उचलू नका आणि रोज सकाळी चाला. आता आमच्या गावात बाईमाणूस उगीच चालत नाही. डोक्यावर घागर पाहिजे, हातात विळा पाहिजे, नाहीतर कुणाकडे तरी मयत पाहिजे. पहिल्याच दिवशी तिघींनी विचारलं, कोण गेलं? म्हणून मी गावाकडे पाठ केली आणि ओढ्याच्या काठानं निघाले. ओढा म्हणजे या दुष्काळात मनगटाएवढी धार आणि बाकी सगळे दगड. धाप लागली तशी एका दगडावर बसले, आणि समोरून एक किडा पाण्यावरून चालत गेला. पाण्यातून नाही, पाण्यावरून. पाय न भिजवता. मी सत्तेचाळीस वर्षांत एवढी थक्क झाले नव्हते.

घरी येऊन शिवकन्येला फोन लावला. माझी लेक. अंबाजोगाईला प्राणिशास्त्र शिकली आणि दोन वर्षांपूर्वी लातूरला नांदायला गेली. ती म्हणाली, ती पाणनिवळी. माझी पेटी उघड, त्यात भिंग आहे, पांढरा ट्रे आहे, पुस्तक आहे. रोज जा आणि लिही. फक्त एक लक्षात ठेव आई, जे दिसलं तेच लिहायचं. जे वाटलं ते नाही.

बरं. दिसलं: पाणनिवळ्या, पुष्कळ. वाटलं ते लिहीत नाही, पण मला आज दोन भाकरी गेल्या.

७ मार्च

घरातली चहाची गाळणी ओढ्यावर जाते हे आज ह्यांना कळलं. रुमालातून चहा गाळून प्यायले आणि जनावरांच्या चारा छावणीवर गेले.

गाळणीनं काय काय सापडतं! वाळूच्या कणांचं घर बांधून त्यात राहणारी एक अळी आहे. कण चिकटवून चिकटवून नळी करते आणि ती अंगावर घेऊनच हिंडते. मी तिचं नाव गवंडी ठेवलं. पुस्तकातलं नाव मला उच्चारता येत नाही. चतुराचं पिल्लूही सापडलं. त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो आणि भक्ष्य दिसलं की हातासारखा पुढे येतो. हे मी जेवताना ह्यांना करून दाखवलं, भातासकट. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं रागावले, पण त्यांनी आणखी भात वाढून घेतला आणि म्हणाले, "पुन्ना दाखव बरं."

१५ मार्च

धार तुटली. ओढा संपला.

म्हणजे संपला असं मी रडकुंडीला येऊन लिहिणार होते, पण वरच्या अंगाला करंजाच्या झाडाखाली काळ्या खडकात एक खोलगट जागा आहे, दोन बाजा टाकल्यावर भरेल एवढी. तिथे पाणी राहिलंय. आणि सगळे तिथे आलेत! निवळ्या, गोल गोल फिरणाऱ्या भोवऱ्या, पाणविंचू, चतुराची पिल्लं, दोन बेडकं. बारा गावची जनावरं चारा छावणीत दावणीला यावीत तसे. आमच्या हद्दीतली ही दुसरी छावणी, आणि तिची चेअरमन मी.

पाण्याची पातळी कळावी म्हणून खडकावर खिळ्यानं आडवी रेघ मारली. ही शिवकन्येची शिकवण. रोज रेघ बघायची, पाणी रेघेच्या किती बोटं खाली आहे ते लिहायचं.

चेअरमनवरून आठवलं. पावसाळ्यात आरोग्यसेविकेनं आमच्या हौदात डास खायला गप्पी मासे सोडले, त्यातला एक सगळ्यांच्या पुढे पुढे पोहतो. अंगावर नारिंगी ठिपका, शेपटीचा डावा कोपरा कुणीतरी खाल्लेला, आणि पोट पुढे. त्याचं नाव मी चेअरमन ठेवलंय. ह्यांना सांगितलं तेव्हा जरा लागलं. कारण हे उपसा सिंचन संस्थेच्या चेअरमनपदाला मे महिन्यात उभे राहणार आहेत, आप्पारावांच्या विरुद्ध. नदीच कोरडी, त्यामुळे संस्थेची मोटर दोन वर्षं गोणपाटाखाली आहे. उपसायला काही नाही आणि सिंचायला काही नाही, पण निवडणूक आहे.

२१ मार्च

रेघेखाली चार बोटं. ऊन असंच राहिलं तर डोह पंधरवडाही टिकणार नाही. उडता येणारे उडून जातील. गवंड्यांचं काय?

संध्याकाळी भाकरी जळली आणि मला रडू आलं. ह्यांनी विचारलं, म्हटलं धूर गेला डोळ्यात. मग मीच सगळं सांगितलं. ते खडकाबद्दल विचारायला लागले. खोल किती? रुंद किती? रेघ नेमकी कुठे मारलीस? मला वाटलं चेष्टा चालली आहे. उठून भांडी घासायला गेले.

२४ मार्च

पाणी रेघेला! तंतोतंत रेघेला!

मी डोहाभोवती एक फेरी मारली. खरं तर नाचले, पण भिवराबाई सोबत होती, म्हणून फेरी असं लिहिते. भिवराबाई माझी चुलत जाऊ. ती गुडघ्यासाठी चालते आणि तिला किड्यांचा मनस्वी राग आहे. तीसुद्धा वाकून बघायला लागली.

निष्कर्ष: खडकाच्या पोटात जिवंत झरा आहे. उन्हानं भूगोल बदलला आणि झरा फुटला. शिवकन्या फोनवर म्हणाली, आई, दिसलं ते लिही. म्हटलं, दिसतंय की! रेघेला पाणी दिसतंय.

२८ मार्च

काल धुळवड झाली. पाणी नाही म्हणून गावात कोरडाच गुलाल खेळले. आज सकाळी ह्यांचा कान गुलाबी. म्हटलं आंघोळ नाही केली? तर अंगणात बसलेल्या चार माणसांपुढे शांतपणे म्हणाले, जनतेला प्यायला पाणी नाही, पाऊस पडेपर्यंत मी आंघोळ करणार नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसणार. माणसं गहिवरली. दुपारपर्यंत गावभर झालं की विठ्ठलरावांनी नवस केला.

राजकारण कुठल्या थराला जातं बघा. आमच्याकडे हौदातून माणशी एक मोठी बादली ठरलेली आहे, आंघोळीची. ह्यांची बादली वाचते म्हणून मी खूष होते, पण हौदाचं पाणी काही वाढत नाही. बहुतेक उन्हानं उडतं.

४ एप्रिल

रोज रेघेला. एक बोट खाली नाही, एक बोट वर नाही. निसर्ग एवढा शिस्तीचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पारावांनीही नवस केला, दाढी न करण्याचा. आता एका पक्षाला वास येतो आणि दुसरा पक्ष अस्वलासारखा दिसतो. मतदार कात्रीत सापडलेत.

डोहाजवळ मोटारसायकलच्या चाकाचे ठसे दिसले. वाळूचोर! मी ह्यांना सांगितलं, पोलिसपाटलांच्या कानावर घाला. हे म्हणाले, मी स्वतः लक्ष ठेवतो. पहाटे छावणीवर जातानाच ओढ्यावरून चक्कर टाकीन म्हणाले. छावणीसाठी पांढरे कॅनही घरूनच भरून नेतात, मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना बांधून. म्हटलं, छावणीला टँकर येतो ना? म्हणाले, वासरांना टँकरचं चालत नाही. असतील बाई लाडाची वासरं.

११ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला खाल्ला, पण तोंड कालपासूनच कडू आहे. पाणी दोन बोटं उतरलं.

हे परवापासून बीडला आहेत, निवडणुकीच्या अर्जाच्या कामाला. घरात विचारायला कोणी नाही. बसून विचार केला आणि कारण सापडलं. काल अमावास्या होती. समुद्राला भरती-ओहोटी असते तर झऱ्याला का नसावी? हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, शिवकन्येला दाखवीन.

१२ एप्रिल

हे रात्री आले. आज पाणी रेघेला. अमावास्येचं माझं गणित बरोबर निघालं.

१८ एप्रिल

आज सकाळी गेले तर खडकावर हळदकुंकू. नारळ फोडलेला. माझ्या रेघेला कुणीतरी शेंदूर लावला होता. मी गाळणी घेऊन उकिडवी बसते, पुटपुटते, मग काहीतरी लिहिते, हे बायका लांबून बघत होत्या. सगळीकडे कोरडं असताना मी बसते तिथलं पाणी आटत नाही, म्हणजे मला पाण्याची जाण आहे. गावात आता मला पाणाडी म्हणतात. मी परोपरीनं सांगितलं की मी फक्त किडे बघते. एक जण हात जोडून म्हणाली, तेच की, तुमचे किडे सांगतात.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. नुसतं नाही, लई आवडलं. मी घरी पदर सावरत आले.

दुपारी आप्पाराव आले, दाढी खाजवत. कौतुक करून म्हणाले, वैनी, तुमच्या झऱ्यावर संस्थेची सामाईक विहीर पाडायची, पाच तारखेच्या सभेत ठराव मांडतो, तुमचं नाव द्यायचं विहिरीला. विरोधी पक्षाचा माणूस माझं नाव द्यायला निघाला! आणि आमचे हे? पाण्याचा घोट त्यांच्या घशात अडकला. खोकून खोकून म्हणाले, त्या जागी विहीर पाडायची नाही. कारण विचारलं तर एकच, माझं मन घेत नाही.

आप्पाराव गेल्यावर मी सुनावलं. म्हटलं, सगळ्या गावाला माझा झरा पटतो, एका नवऱ्यालाच पटत नाही. ते गुलाबी कान खाजवत बसून राहिले.

२० एप्रिल

ह्यांच्याशी अबोला. शिवकन्येचा फोन आला. म्हणाली, बाबा मला विचारत होते, साबणाचा अंश पाण्यात गेला तर किडे मरतात का. म्हटलं, बघ, माझ्या किड्यांना मारायला उठले. ती खूप वेळ हसत होती. नवऱ्याच्या घरी इतकं मोठ्यानं हसू नये.

२६ एप्रिल

अबोला सुटला, कारण हे सांगितल्याशिवाय राहवणार नव्हतं.

ट्रेमध्ये एक चपटा तपकिरी किडा आला. पाण्यातला ढेकूण. भिवराबाई किंचाळून चार पावलं मागे गेली. मी भिंग लावलं तर त्याच्या पाठीवर मोती लावल्यासारखी अंडी! दाटीवाटीनं, ओळीनं उभी. पुस्तक काढलं. आणि पुस्तकात लिहिलंय की तो नर आहे. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. तो ती घेऊन फिरतो. सारखा पाण्याच्या वर येतो, अंग खालीवर करून अंड्यांना हवा घालतो. पंख अंड्यांखाली अडकतात, त्यामुळे त्याला उडता येत नाही. पाणी आटलं तर बाकीचे उडून दुसरीकडे जातात. तो जाऊ शकत नाही.

हे वाचून मी तिथेच दगडावर बसले. तो ट्रेमध्ये उठाबशा काढत होता.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, उठाबशांसकट. त्यांना फार विशेष वाटलं नाही. म्हणाले, "आसतंय एकेकाचं."

१ मे

झेंडावंदनाला गेले होते. तिथे आप्पाराव सांगत होते की ठराव झाला की लगेच सहा तारखेला सुरुंग लावायचे. खडक काळा आहे, कुदळीनं हलायचा नाही.

सुरुंग. माझ्या डोक्यात विहीर म्हणजे थंडगार पाणी आणि वर माझं नाव एवढंच होतं. त्याच्या आधी सुरुंग असतो हे आलंच नव्हतं. डोह उडणार. गवंडी, चतुराची पिल्लं, आणि तो, पाठीवर अंडी घेऊन उठाबशा काढणारा. आणि हे सगळं कुणी केलं? पदर सावरत आले होते ती मी.

पण गावाला पाणी नको का? माणसं आधी की ढेकूण आधी? हे कुणाला विचारायचीही सोय नाही. विचारलं तर वेड्यात काढतील, आणि तेही बरोबरच आहे. झरा असेल तर विहीर झालीच पाहिजे. मी आज जेवले नाही.

२ मे

हौदातला चेअरमन नाहीसा झाला. मांजरीवर संशय आहे. माझं कशातच लक्ष नाही.

४ मे

घाईनं लिहितेय. अक्षर बघूनच कळेल.

सकाळी डोहावर एकटीच गेले, निरोप घ्यायला म्हणा. पाणी रेघेला. तो ढेकूण बाप्या अंडी घेऊन करंजाच्या मुळापाशी होता. गाळणी घातली आणि तिच्यात एक मासा आला. नारिंगी ठिपका. शेपटीचा डावा कोपरा खाल्लेला. पोट पुढे.

चेअरमन.

मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. आमच्या हौदातून ओढ्यापर्यंत मासा चालत येत नाही. झऱ्यातून तर नाहीच येत. तो कशातून तरी आला. कुणीतरी हौदातून भरून आणलं आणि इथे ओतलं.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पांढरे कॅन. लाडाची वासरं. वाळूचोराची चाकं. अमावास्येला बीडला कोण गेलं होतं. रेघ कुठे मारली हे कुणी विचारलं होतं. साबणाचा अंश. गुलाबी कान! महिनाभर तो कान माझ्यासमोर जेवायला बसतो आहे. मी चतुराच्या पिल्लाच्या ओठाची घडी बघितली, पाणविंचवाची शेपटी बघितली, आणि घरात एक पूर्ण वाढ झालेला नर काय करतोय ते मला दिसलं नाही.

मी डोहापाशी हसत बसले, मग रडले, मग परत हसले. चेअरमनला तांब्यात घेतला.

ह्यांना काही बोलले नाही. उद्या सभा आहे. झरा नाही हे आता मला माहीत आहे, आणि सगळ्या सभासदांची विहीर कोरड्या खडकात जाऊ द्यायची नाही. पण ह्यांनी आठ दिवसांवर निवडणूक असताना किड्यांना आंघोळीचं पाणी घातलं हे कळलं तर आप्पाराव सोडणार नाहीत. म्हणून ठरवलंय, पाणी मी ओतलं असं सांगायचं. मला तसंही वेडी म्हणायला लोक तयारच आहेत.

५ मे, रविवार, सभेनंतर

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

सभा मारुतीच्या पारावर होती. हे व्यासपीठावर, आप्पारावांच्या शेजारी, दोघांमध्ये वासामुळे एक खुर्ची रिकामी. आप्पारावांनी ठराव मांडला, माझ्या नावासकट. टाळ्या झाल्या. मी तांब्या घेऊन उभी राहिले. आमच्याकडे सभेत बाई उभी राहिली की आधी सगळे मागे वळून बघतात, कुणाला बोलवायला आली म्हणून.

मी म्हटलं, "त्या डोहात झरा न्हाई. पाणी म्या वतत होते. ह्यो बगा आमच्या हौदातला मासा, ह्यो तिथं घावला." आणि तांब्या पुढे केला. पुढच्या ओळीतल्या माणसांनी त्यात डोकावून बघितलं.

आप्पाराव हुशार माणूस. म्हणाले, "वैनी, तुमाला डाक्टरनं वजं उचलायची बंदी केलीय, साऱ्या गावाला म्हाईत हाय. तुमी कशी वतणार?"

गावाला माझी साखरसुद्धा माहीत असते हे मी विसरले होते. मी तांब्या घट्ट धरला, आणि तेवढ्यात हे उठले.

"खोटं बोलतीया ती," हे म्हणाले. "पाणी म्या वतलंय. रोज पहाटं दोन कॅन. माझ्या आंगुळीचं हाय, दुसऱ्या कुणाचा थेंब न्हाई त्यात."

मागून कुणीतरी विचारलं, "कावून पण?"

ह्यांनी टोपी काढली. तिच्या आत बघत बोलले, जणू तिथे लिहून ठेवलं होतं. म्हणाले, "लेक नांदायला गेली तवापासून ही घरात हाय का न्हाई कळत नव्हतं. बोलायची न्हाई, हसायची न्हाई. त्या डबक्याला जायला लागली आन घरी येऊन भातासंगट किड्याची नक्कल करून दाखवली. आता डबकं आटलं आसतं तर पुन्ना गप झाली आसती. मंग म्या काय करायला पायजे व्हतं?"

दोन वर्षं. मला वाटत होतं हे कुणाला दिसलं नाही. मलाही धड दिसलं नव्हतं. सगळ्या सभेत माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, दोन्ही हातांत तांब्या होता.

मग भिवराबाई, जिला किड्यांचा एवढा राग, ती बायकांतून म्हणाली, "म्हंजी त्यो नवस नव्हता व्हय?" आणि पार फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसली. हे हसले, मी हसले. आप्पारावही दाढीत हात घालून हसले, पण त्यांनी जरा उशिरा सुरुवात केली. ठराव बारगळला. भूजलच्या माणसाला बोलवायचं, तो यंत्रानं बघून सांगेल तिथे विहीर पाडायची, असं ठरलं. सुरुंगाची गाडी परत पाठवली.

घरी येताना ह्यांनी तांब्या धरला. मी चिडून म्हटलं, मला सांगायचं नाही? मी अमावास्येचा शोध लावून बसले होते! म्हणाले, तू एवढ्या आनंदानं सांगत होतीस, मोडू कसं?

७ मे

फुटली! अंडी फुटली!

आम्ही दोघं गेलो होतो, मोटारसायकलवर, कॅनसकट, भर उजेडात. आता लपवायचं काय राहिलंय? ट्रेमध्ये त्या नराच्या पाठीवरून एकेक पिल्लू बाहेर येत होतं, फिकट, पारदर्शक, बाहेर आल्याबरोबर पोहायला लागत होतं. हे गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, टोपी पाण्यात पडली तरी बघत होते. मोजता आली नाहीत. शिवकन्येला फोनवर ऐकवलं, तर ती म्हणाली पिल्लांचा आवाज येत नसतो. आमचाच येत होता.

१३ मे

काल निवडणूक झाली. हे पडले, थोडक्यात. आप्पारावांच्या माणसांनी प्रचार केला की जो माणूस बायकोच्या किड्यांना आंघोळीचं पाणी घालतो तो संस्था काय चालवणार. भिवराबाईच्या म्हणण्याप्रमाणे त्याच कारणासाठी बायकांची सगळी मतं ह्यांना पडली, पण संस्थेत बायका सभासद आहेतच किती.

मला वाटलं घरी येऊन कोपऱ्यात बसतील. आले ते हौदापाशी गेले आणि एका तांब्यात आंघोळ केली, बाकीची बादली कॅनमध्ये ओतली. कान धुतला. आत अजून गुलाबीच आहे. हौदातल्या चेअरमनकडे बघून म्हणाले, ह्याचं पद बिनविरोध.

आज सकाळी डोहावर गेलो. पाणी रेघेला. नराच्या पाठीवरची रिकामी टरफलं गळून गेलीत, पाठ कशी साफ, पंख मोकळे. ट्रे ह्यांच्या हातात होता. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "आता उडून जाईल का? का पुन्ना घेतंय पाठीवर?"

म्हटलं, "ते मादी ठरवती."

ते हसले, आणि वाकून दुसरा कॅन ओतायला लागले.